वीस अंश, स्थिर

लेक घरातल्या पाण्याच्या बाटलीवरही तारीख घालून सही करू लागली, तेव्हापासून आईच्या जिवाला एकच घोर लागला होता. ही पोरगी आता जन्मात कोणावर विश्वास ठेवणार नाही की काय?

आधी ती अशी नव्हती. शाळेत तिचा डबा कोणी खाल्ला तर "भूक लागली असेल त्याला" म्हणायची. आता तिशीला टेकलेली ही बाई प्रयोगशाळेतून आली की चपला काढायच्या आधी फोनमधले फोटो बघायची. फोटो माणसांचे नाहीत, बाटल्यांचे. निघताना प्रत्येक बाटलीतल्या द्रावणाची पातळी टिपायची आणि सकाळी ताडून पाहायची.

तिचं काम मुळातच चिकाटीचं. एका रोगजंतूतलं एक प्रथिन ती सहा वर्षं धरून बसली होती. थंड खोलीत, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून ते शुद्ध करायचं. मग चोवीस खळग्यांची प्लास्टिकची ताटली घ्यायची आणि प्रत्येक खळग्यावर काचेच्या चकतीला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब उलटा लटकवायचा. थेंब हळूहळू आटतो आणि नशीब असेल तर त्यात स्फटिक धरतो. त्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की प्रथिनाचा आकार कळतो. स्फटिक नाही तर काहीच नाही. पाच वर्षं थेंबांत नुसता गाळ बसला. "काय पिकलं आज?" असं बाबा विचारायचे आणि ती म्हणायची, "चिखल."

मागच्या वर्षी प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर तोडफोड सुरू झाली. ड्रिलच्या हादऱ्यांनी थेंब बिघडू नयेत म्हणून सरांच्या परवानगीने तिने दोन ताटल्या थर्मोकोलच्या डब्यात घालून घरी आणल्या. आतल्या खोलीत एसी वीसवर लावला आणि डबा कपाटाच्या तळाशी ठेवला.

"कोणी हात लावायचा नाही. आई, तू तर नाहीच नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आई म्हणाली होती.

पाचव्या दिवशी वाळवीचं औषध मारणारा आला. कपाट रिकामं करणं भाग होतं. औषधाचा वास लागू नये म्हणून आईने श्वास रोखून डबा उचलला आणि स्वयंपाकघरात फ्रीजच्या डोक्यावर ठेवला. फ्रीज म्हणजे थंड, एवढाच विचार. संध्याकाळी डबा खाली घेतला तर त्याचं बूड चांगलंच कोमट लागलं. फ्रीज आतून थंड असतो, वरून तापतो आणि दिवसभर थरथरतो, हे तिला तेव्हा आठवलं. तिने डबा गुपचूप जागेवर ठेवला आणि तोंडाला कुलूप घातलं.

त्यानंतर नवव्या दिवशी लेकीने ताटल्या परत नेल्या आणि प्रयोगशाळेतून तिचा फोन आला. "आई, स्फटिक धरले! मिठाच्या खड्यांसारखे, काटकोनी, स्वच्छ!" लेक रडत होती, आईही रडली. आता डब्याचं सांगून काय करायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

ते मूठभर स्फटिक पहिल्या चाचण्यांतच संपले. पूर्ण आकार कळायला आणखी हवे होते, आणि ते काही केल्या येईनात. सात महिन्यांत चाळीस ताटल्या झाल्या. तेच प्रथिन, तेच द्रावण, तेच आकडे, आणि पुन्हा चिखल. सर आधी म्हणाले, "वहीत लिहिलंस तेच केलं होतंस ना नक्की?" मग त्यांनी तिची वहीच स्वतःच्या खणात ठेवून घेतली. पहिले स्फटिक खरंच हिचे होते का, अशी कुजबुज जिन्यात सुरू झाली.

शेजारच्या टेबलावर एक मुलगा काम करायचा. सगळं मोजूनमापून करतो म्हणून त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. लेकीचा संशय त्याच्यावर बसला. आईचाही बसला. तो एकदा घरी आला होता, कप स्वतः विसळून गेला होता. एवढा नम्र माणूस सरळ नसतो, असं आई तेव्हाच म्हणाली होती. त्याच्यावर संशय घेणं तिला सोयीचंही होतं.

काल जेवताना लेक म्हणाली, "उद्या चारला माझ्या कामावर चौकशी समिती बसतेय. मी लेखी देणार आहे. माझ्या बाटल्यांत त्यानेच काहीतरी घातलंय."

"पाहिलंस तू?" बाबांनी विचारलं.

"पाहायला कशाला हवं? वहीत सगळं लिहिलंय. चौदा दिवस, वीस अंश, स्थिर. त्यातलं काही बदललं नाही, मग राहिलं कोण?"

"त्याचं करिअर बसेल गं," बाबा म्हणाले.

"आणि माझी सहा वर्षं?"

आईने वाढायला घेतलेला डाव तसाच भांड्यात राहिला.

सकाळी लेक गेल्यावर तिने बाबांना गाठलं. "अहो, तो डबा मी दिवसभर फ्रीजवर ठेवला होता."

"मग? अंडी होती का त्यात, उबवायला?" बाबा हसले. आई हसली नाही, तसे तेही थांबले.

कॉलेजात आई रसायनशास्त्र शिकली होती. दोऱ्याला टांगून मोरचुदाचा खडा तिने स्वतः वाढवला होता. गरम द्रावण निवत जातं तसा खडा धरतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. प्रथिनाचं तसंच असेल की नाही, कोण जाणे. पण 'स्थिर' हा शब्द खोटा होता, आणि तो तिच्यामुळे खोटा होता. सात महिने तिने "एवढ्याने काय होतंय" म्हणत स्वतःची समजूत घातली होती.

"रात्री सांग, शांतपणे," बाबा म्हणाले.

"चार वाजून गेल्यावर?"

"उखडेल तुझ्यावर. वर्षभर बोलायची नाही."

"न बोलू दे. त्या पोराचं नाव कागदावर गेलं तर परत कोण पुसणार?"

तरी दोन वाजेपर्यंत ती घरात नुसतीच इकडचं तिकडे करत राहिली. मग लेकीला तीनदा फोन लावला. उचलला नाही. थंड खोलीत जाताना ती फोन खणात बंद करते, आणि हल्ली त्या खणाला दोन कुलपं असतात. डायरीच्या शेवटच्या पानावर प्रयोगशाळेचा नंबर होता, अडीअडचणीला म्हणून लेकीनेच लिहून दिलेला. तो फोन मोजपट्टीच्या टेबलावर असायचा. म्हणजे तोच उचलणार, "बोला काकू" म्हणणार, आणि त्यालाच सांगावं लागणार की अरे, तिला जरा बोलावून आण, चारच्या आत.

घड्याळात अडीच वाजत आले होते. आईने चष्मा लावला, डायरी उजेडात धरली आणि तो नंबर फिरवायला घेतला.