धारणीसाठी अकरा ओळी

१८ नोव्हेंबर. दुपारपर्यंत सलीमनं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या अकरा ओळी काढून टाकायच्या होत्या. काम पाच मिनिटांचं. आधी डबा खाल्ला, मग बसले.

त्याला जाऊन सहा आठवडे झाले. अकोल्याहून त्याच्या भावाचा फोन आला, "ताई, सलीम गेला. सकाळीच... हार्ट." मय्यत किती वाजता, एवढंच मी विचारलं.

अमरावतीच्या आमच्या रक्तपेढीत संगणकाचं काम आम्ही दोघंच बघायचो. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ही माहिती इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर असते. दवाखान्यांचे संगणक तिथे विचारायला येतात. कोणाला ती जेसन नावाच्या मांडणीत लागते, कोणाला एक्सएमएलमध्ये. येणारा आपल्याला काय चालतं ते सांगतो आणि सलीमचा प्रोग्रॅम तीच माहिती त्या रूपात देई. धारणीच्या दवाखान्यातला जुना संगणक मात्र काहीच सांगत नसे. त्याला साधा मजकूर जाई : गट, पिशव्या, संपलं. तेवढं वाचून तिथली सिस्टर ठरवी, पेशंटची जीप आमच्याकडे धाडायची की अकोल्याला.

"न सांगणाऱ्याला जेसनच द्यायचं. सगळे तेच करतात," मी त्याच्याशी भांडले होते.

"ज्याले मांगता येत नाई, त्याले पयले वाढायचं ताई. बाकीचे घेतात मांगून."

"खानावळ उघडली का तू?"

"मंग? माह्या डब्यातलं रोज कोन खाते?"

रोज सकाळी नऊला तो धारणीच्या संगणकासारखं, काहीच न सांगता, त्या पत्त्यावर जाऊन बघे. मजकूर दिसला की चहाला उठे.

आता काम नव्या कंपनीकडे गेलं. त्यांचं फक्त जेसन, तेही मागेल त्यालाच; धारणीच्या ओळी काढूनच प्रोग्रॅम त्यांच्या हाती द्यायचा होता. धारणीला नवा संगणक द्या, म्हणून मी दोन पत्रं लिहिली. दोन्हींवर उत्तर आलं, नोंद घेतली आहे... मी ओळी काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी सलीमसारखंच बघितलं. चारशे सहा. म्हणजे चालणारं रूप सांगितलं नाही, माहिती मिळणार नाही. मी धारणीला फोन लावला.

"मॅडम, नुसतं चारशे सहा येऊन राहिलं," सिस्टर म्हणाली. "सलीमभाऊले द्या ना फोन. ते करतात बरोबर."

तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. फोनवर तिच्या मागे कोणीतरी कण्हत होतं.

"ओ निगेटिव्ह किती आहे?" तिनं विचारलं.

मी पडद्यावरून वाचलं. शून्य.