खिडकीतली कॉफी

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात मी रोज संध्याकाळी फिरायला जायचो, तेव्हा कोपऱ्यावरच्या भाड्याच्या घरातल्या त्या डच बाई दिसायच्या. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणायचो. तळमजल्याची खिडकी उघडून त्या कॉफीचा मग बाहेरच्या कठड्यावर ठेवायच्या आणि दोन पावलं मागे सरायच्या. मग सायकल धरून उभा असलेला त्यांचा तिशीतला मुलगा तो उचलायचा. त्याची कॉफी संपेपर्यंत काकू त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या.

एकदा तो गेल्यावर मी उगाच कौतुकानं म्हणालो, "कोरोनाचे नियम किती काटेकोर पाळता तुम्ही!"

"हे कोरोनाच्या आधीपासूनच आहे," त्या म्हणाल्या. "त्याला नोकरी लागली. तो इथं राहिला तर त्याचा पगार माझ्या घराच्या उत्पन्नात धरतात आणि भाड्यासाठी मला मिळणारी सरकारी मदत बंद होते. म्हणून त्यानं दुसरीकडे खोली घेतली, नगरपालिकेत पत्ताही बदलला."

"पण भेटायला आत यायला तर बंदी नव्हती ना?"

"नव्हती." रिकामा मग त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "पण एकदा आत येऊन बसला, की मला त्याला जा म्हणवत नाही."