पप्पांचं वचन कोणी वाचलं नाही

सलाम मंडळी. ऑफिसातून आले आणि कोटही न काढता लिहायला बसलेय.

पप्पा नगरला हॉस्पिटलमध्ये आहेत. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलाय, त्यामुळे ग्लासगोहून हलता येत नाही. म्हणून आज लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या जिन्यात बसले आणि फोनकार्ड लावून त्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सामील झाले.

आमच्या घरी बायबलमधलं स्तोत्र एकेक वचन करत आळीपाळीने वाचतात, सगळ्यात धाकट्यापासून. दुसऱ्याचं वचन कोणी वाचायचं नाही, हा पप्पांचाच नियम. आज ताईने मेंढपाळाचं स्तोत्र काढलं. पहिलं वचन मी म्हटलं, मग ताईने, मग आईने. चौथं पप्पांच्या वाट्याला आलं, अंधाऱ्या दरीतून जातानाही न भिण्याचं.

पप्पा गप्प. फोनवर नुसता ऑक्सिजनचा आवाज.

आई हळूच म्हणाली, "अहो, तुमचं वचन."

तरी काही नाही. "आई, तूच वाच ना!" असं मी म्हणणार, तेवढ्यात कार्ड संपलं आणि फोन कट झाला.

देवबापा, मला एवढं लांब कशाला आणलंस, म्हणून खूप रडले.

मग ताईचा मेसेज आला. "पप्पा म्हणाले गं. अर्धंच, पण म्हणाले. पुढचं तुझं आहे. आम्ही थांबलोय."

पुढचं वचन म्हणजे प्रभू आपल्यासाठी ताट वाढून ठेवतो ते. रिकाम्या जिन्यात मी ते मोठ्याने म्हटलं.

तुम्ही आज प्रार्थनेला बसाल, तेव्हा पाचव्या वचनापाशी क्षणभर थांबाल का? मी अजून तिथेच आहे.