पी.टी. सरांची छडी

आमचे पी.टी. सर दर रविवारी चर्चला निघताना नवी जखम घेऊन निघत, आणि कुणी विचारायच्या आत हत्याराचं नाव सांगत. "आज चिमटा." किंवा, "लाटणं. पण नेम चुकला." त्यांच्या बायकोला मेंदूचा आजार होता. सरांना ती घरात घुसलेला चोर समजायची आणि चोराला मारावं तसंच मारायची.

हा माणूस मार खातो, हे माधव नगरात कुणाला पटत नसे. शाळेत त्यांनी वेताच्या छडीने आम्हाला फोडून काढलं होतं. मी वकील झालो तेव्हा पेढा खात म्हणाले, "चला, माझी मेहनत वाया नाही गेली."

एकदा चर्चचे सचिव त्यांना घेऊन देवास गेटजवळच्या माझ्या ऑफिसात आले. सचिव भर मे महिन्यात टाय लावत. संकोच उन्हाला वाटायचा, त्यांना नाही. म्हणाले, "व्यभिचाराशिवाय सोडचिठ्ठी नाही हे प्रभूचं वचन, मान्य. पण बाई मनाने निघून गेलीच आहे. हे टाकून जाणंच झालं. आपल्या कायद्यात वेडाचं कलम आहे ना, वकीलसाहेब?"

"आहे," मी म्हणालो.

सर उठले. "आजारात आणि आरोग्यात, असं वेदीपुढे कबूल केलंय मी. तुम्ही पहिल्या बाकावर होतात, मिठाईच्या आशेने." मग टाय धरून त्यांनी सचिवांना खुर्चीतून उचललं आणि जिन्यापर्यंत चालवत नेलं. "लेफ्ट, राइट! लेफ्ट, राइट!"

महिन्याभराने सर एकटेच आले. भुवई फाटलेली, हातात ती जुनी छडी.

"घटस्फोटाचा अर्ज लिही."

"फार मारलं का बाईंनी?"

"तिने नाही रे. मैंने मारा."

ती चिमटा घेऊन त्यांच्या डोळ्यांच्या रोखाने धावून आली होती. सरांचा हात आपोआप दारामागच्या छडीकडे गेला. तीन बसल्या. "चौथी उगारली, तर तिने पोटऱ्या झाकल्या. तुम्ही पोरं झाकायचात ना, अगदी तशा."

"मग अर्ज?"

"तिच्याकडून लिही. माझ्याविरुद्ध. क्रूरता म्हणून. ती मारते तो आजार आहे. मला तर डॉक्टरने एकदम फिट म्हटलंय."

मी समजावलं, की समजून-उमजून सही करणं बाईंना आता शक्य नाही. असा अर्ज टिकणार नाही.

"म्हणजे माझ्यापासून तिला सुटकाच नाही?"

पी.टी. सरांना पाठ वाकवून बसलेलं मी प्रथमच पाहिलं. जाताना छडी टेबलावर ठेवली. "ही तुझ्याजवळ ठेव."

पुढे चार वर्षं ते दोन्ही हात पाठीमागे बांधून मार खात राहिले. विश्राम, जसं आम्हाला शिकवलं होतं तसं. बाई गेल्या. दफनाच्या वेळी सचिवांनी "अत्यंत शांत संसार" यावर वीस मिनिटं भाषण केलं. सर कानावरची पट्टी सांभाळत ऐकत होते.

नंतर मी छडी परत द्यायला गेलो. त्यांनी ती घेतली नाही. आपल्या उजव्या तळव्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"छडी तुला दिली रे," ते म्हणाले. "हा कुणाकडे ठेवू?"