गल्लीत न वळलेली फेरी

भीमसेनरावांनी पंधरा ऑगस्टच्या फेरीला एकतीस वर्षं पावलं शिकवली, तरी त्यातल्या निम्म्या लोकांचा डावा पाय अजून उजवाच पडतो. शाळेत पी.टी. मास्तर होते तेव्हा पोरं निदान शिट्टीला भ्यायची. पेठेतले पेन्शनर आणि गप्पा मारत चालणाऱ्या त्यांच्या बायका कुणाच्या बापाला भीत नाहीत. तरी दर वर्षी कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे करून ते सगळ्यांच्या पुढे उभे राहत आणि मागे वळून विचारत, "अस्के तयार?" तंजावरच्या मराठीत 'सगळे' म्हणजे 'अस्के'. फेरीतल्या तमिळ शेजाऱ्यांनाही तो शब्द आता पाठ झाला होता.

फेरी पिळ्ळयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापासून निघायची आणि मैदानाकडे जाताना मुद्दाम वाकडी वाट करून भीमसेनरावांच्या गल्लीत शिरायची. तिथं ओट्यावर त्यांच्या पत्नी सुप्रभाबाई आलं-मिरची घातलेलं हंडाभर ताक घेऊन बसत. फेरी त्यांच्याकडे मान वळवून, सलाम ठोकून पुढे जाई, आणि चार पावलांवर शिस्त मोडून ताकावर तुटून पडे. दोन वर्षांपूर्वी सुप्रभाबाईंचा खुबा मोडला. तेव्हापासून त्यांचं जग खाटेपासून ओट्यापर्यंत. वर्षातून एकदा साठ माणसं आपल्या दारात येतात, एवढंच काय ते उरलं होतं.

जुलैअखेर पेठेच्या संघाचा चिटणीस गणेशकुमार कागद घेऊन आला. "सार, ऊन फार असतं. यंदा सरळ मैदानावर जाऊ. अर्धा किलोमीटर वाचेल."

भीमसेनराव गुडघ्याला तेल चोळत बसले होते. अर्धा किलोमीटर ऐकून गुडघ्यांनीच होकार दिला आणि त्यांनी सही ठोकली. वगळली ती गल्ली आपलीच, हे लक्षात आलं तोवर गणेशकुमारची स्कूटर कोपऱ्यावर पोचली होती. हाक मारता आली असती. मारली नाही. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं होतं, आणि त्याचीच पुढे लाज वाटत राहिली. बायकोला आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता चौदा तारीख उजाडली आणि घरात दह्यासाठी दुधाचे डबे आले.

"यंदा आलं बरंच घातलें," पंधराच्या सकाळी सुप्रभाबाई म्हणाल्या. भीमसेनरावांनी 'हं' केलं आणि ते खाली मान घालून बुटांची नाडी बांधत बसले.

फेरी गल्लीच्या कोपऱ्यावर आली तेव्हा त्यांचा पाय सवयीनं आत वळला. मागून गणेशकुमार ओरडला, "सार, सरळ, सरळ!" शिट्टी तोंडातच होती. एक फुंकर मारली असती तर साठही माणसं गल्लीत शिरली असती. पण मग वाद, खुलासे, परत तेवढी चाल. एकतीस वर्षं हुकूम सोडलेल्या माणसाला तो एक हुकूम सोडवेना. ते सरळ चालत राहिले.

झेंडा फडकला, मिठाई वाटली गेली. साडेदहाला ते एकटेच घरी आले. ओट्यावर हंडा होता, पुढे लोटे ओळीनं मांडलेले.

"अस्के कोठें?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

पोलिसांनी वाट बदलली असं सांगून त्यांच्यावर ढकलता आलं असतं. "येत नाहींत," ते म्हणाले. "वाट कमी केलेत. सही मींच केलों."

त्यांनी हंड्यावर झाकण ठेवलं. "मज सांगाचं तरी. दही कमी लावली असतीं."

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. भीमसेनरावांना ओटा चढवेना. ते मागे फिरले, शेजारच्या दारापर्यंत गेले, वळले आणि शिट्टी फुंकली. लंगडत, हात झुलवत ते एकटेच स्वतःच्या दारापुढून निघाले. ओट्यासमोर येताच मान वळवली आणि हात कपाळाला लावला. गल्लीतली दोन माणसं बघत उभी राहिली. सुप्रभाबाई खांब धरून कशाबशा उठल्या आणि ते पुढे जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

"पाऊल चुकलें तुमचं," त्या म्हणाल्या.

चुकलंच होतं. भीमसेनराव बूट न काढताच ओट्याच्या पायरीवर बसले. सुप्रभाबाईंनी पहिला लोटा भरून त्यांच्या हातात दिला.

"प्या," त्या म्हणाल्या. "अस्क्यांचं आतां तुम्हांसच संपवाचं आहे."