देवरामभाऊंचा अंदाज

बायपास झालेल्या माणसाला देवरामभाऊ एकच विचारायचे, "काय भो, इथलं जेवण कसं आहे?" माणसानं शिव्या घातल्या की बाहेर येऊन सांगायचे, "टिकतो." छान आहे म्हणाला की हे गप्प.

भाऊ धुळ्याकडचे. खडोलीला सुताच्या कारखान्यात मशीनला तेल द्यायचे आणि सिल्वासात आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. "वहिनी, मशीन कुरकुरतंय म्हणजे चालतंय," हे त्यांचं शास्त्र. आणि स्वतः दिवसभर तेल घालून ती कुरकुर बंद करायचे, हे कधी त्यांच्या ध्यानात आलं नाही. तेव्हा ऑपरेशनला मुंबई गाठावी लागे. चाळीतलं कोणीही निघालं की भाऊ रजा टाकून सोबत. लोकांना डॉक्टरपेक्षा यांचा भरवसा. अडाणीपणा, दुसरं काय. मीही त्यातलीच.

आमच्या ह्यांची बायपास झाली तेव्हा भाऊ आत जाऊन आले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"वहिनी, मुलीला बोलावून घ्या."

"का? काय म्हणाले?"

"जेवण छान आहे म्हणाले."

"अहो भाऊ, हा माणूस लग्नापासून छानच म्हणतोय! भाजीत मीठ विसरले तरी छान!"

भाऊ विचारात पडले. परत आत गेले आणि ह्यांना चिडवायला लागले. सासरवाडी काढली, साहेब काढला, टक्कलसुद्धा सोडलं नाही. हे आपले मान हलवतायत. शेवटी नर्सनं भाऊंनाच बाहेर काढलं.

हे घरी आले, आणि सगळ्याला छान म्हणत चांगले जगले. त्यानंतर भाऊंनी पद्धत बदलली. आधी बाहेर बसलेल्या बायकोला विचारायचे, "घरी कसे बोलतात?" मगच आत जायचे.

काही वर्षांनी त्यांच्यावरच ती वेळ आली. आम्ही दोघं भेटायला गेलो. भाऊ नळ्या लावून, डोळे मिटून पडलेले. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. त्यांच्या घरी विचारावं असं कोणी नव्हतंच.

ह्यांनी मला हळूच विचारलं, "काय वाटतं?"

"टिकतात," मी मोठ्यानं म्हटलं. त्यांना ऐकू जावं म्हणून.

भाऊंनी एक डोळा उघडला. "वहिनी, तुम्हाला काय कळतं यातलं?"

दुसऱ्या दिवशी भाऊ गेले. माझ्याबद्दलचा त्यांचा तेवढा अंदाज मात्र बरोबर निघाला.