चार निळी बोटं

कापडाच्या दुकानात कोणाची नखं निळी दिसली की भाव विचारता विचारता मी अजूनही गप्प होतो. बायको म्हणते, "झालं! परत ते ठाणं आठवलं वाटतं." तिचं खरं आहे. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली, खून पाहिले, दंगे पाहिले, पण ही एक घटना माझी पाठ सोडत नाही. तिच्यात एक चूक गुन्हेगाराची होती आणि एक माझी. दोन्ही सांगतो. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

मी दिल्लीतच वाढलो. वडील केंद्र सरकारात कारकून, सरोजिनी नगरात क्वार्टर. त्यामुळे ठाण्यात मराठी माणूस आला की आमचा हवालदार त्याला थेट माझ्या खोलीत आणायचा. दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. थंडीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "जनाब, आपके मुलुक की हैं." मागे पस्तिशीची एक बाई उभी होती, सोबत सात वर्षांची मुलगी.

नवरा मूळचा सोलापूरचा, कापडाच्या रंगाईतला जाणकार. इथल्या एका चादरी-ब्लँकेटच्या कंपनीत माल तपासायचं काम करायचा. कंपनीचं ऑफिस दिल्लीत, कारखाना पानिपतला. शनिवारी सकाळी "कारखान्यात जाऊन येतो, रात्री जेवायला घरी आहे" असं सांगून निघाला तो परत आलाच नाही. दुपारी चारनंतर फोन बंद होता.

"घरात भांडण वगैरे?" मी विचारलं. हा प्रश्न आम्ही जिभेच्या सवयीनं विचारतो.

"झालं होतं साहेब, गुरुवारी. पण तेवढ्यावरून कुणी घर सोडून जातं का?"

जातात. शेकड्यांनी जातात, आणि आठवड्यानं मान खाली घालून परत येतात. मी कंपनीच्या संचालकाला बोलावून घेतलं. मार्केटिंगचं सगळं तोच बघायचा. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, शनिवारी मी दिवसभर दिल्लीच्या ऑफिसात होतो, आणि तो कारखान्यात पोचलाच नाही म्हणे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, बाहर किसी से कुछ चल रहा था शायद. भाभीजी से मत कहिएगा." जाताना त्यानं बाकावर बसलेल्या त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मला त्याचं म्हणणं पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं. रोजनाम्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, मी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'स्वतःच्या मर्जीने घर सोडले असण्याची शक्यता.' बिनतारी संदेश दिल्लीतल्या ठाण्यांना गेला. हवालदारानं विचारलं, "जनाब, हरियाणा भी भेज दूँ?" मी म्हणालो, "अरे, येईल चार दिवसांत. रहने दो."

सोळा दिवस गेले. बाई रोज दुपारी यायची, बाकावर बसायची आणि काहीच न विचारता जायची. सतराव्या दिवशी ती सरळ टेबलापाशी आली आणि मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

"कंपनीनं काल हा फोटो टाकलाय. दिवाळीच्या आधी हॉटेलात कार्यक्रम झाला ना त्यांचा, तिथला. ह्यांनी मला तेव्हाच दाखवला होता. ह्यात हे होते."

"बरं. मग?"

"आता नाहीत."

फोटोत तो संचालक मनापासून हसत होता. अंगात पांढरट हातमागाचं जाकीट, आजूबाजूला व्यापारी, मागे कुंडीतलं पामचं झाड. मला त्यात काही वावगं दिसेना.

"त्यांच्या खांद्यावर बघा, साहेब."

मी फोटो मोठा केला. जाकिटाच्या खांद्यावर चार बोटं होती. मागे मनगट नव्हतं, हात नव्हता, माणूस नव्हता. बोटं संपत होती तिथून पामची पानं सुरू होत होती. आणि चारही बोटांची नखं निळी होती.

"रंगाचा हात आहे ह्यांचा. कितीही घासा, नखातला रंग जायचा नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "बाकीचा माणूस कुठंय, साहेब?"

हवालदार माझ्या मागून वाकून बघत होता. तो "राम राम राम" म्हणत दोन पावलं मागे गेला. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारची वेळ, खोलीत हीटर लावलेला, तरी मला थंडी वाजायला लागली. त्या फोटोचा मोठा प्रिंट मागवला आणि तो टेबलावर पालथा ठेवला. तरी काम करताना सारखं वाटे, आपल्या खांद्याला मागून कोणीतरी धरलंय. त्या दिवशी मी खुर्ची भिंतीला टेकवून बसलो. पोलिसाला असलं बोलणं शोभत नाही, पण झालं ते झालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात गेलो. फोटोंचं काम करणारा माणूस पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. पूर्वी लग्नाचे अल्बम बनवायचा. कोणाचे आजोबा लग्नाआधी वारले असतील, तर जुन्या फोटोतले आजोबा उचलून नवरीच्या शेजारी उभे करायचा. त्यात त्याचा हातखंडा होता.

"वहाँ लोगों को जोड़ता था साहब," तो म्हणाला, "यहाँ निकालता हूँ."

मला कळेना. मग त्यानं पद्धत समजावून सांगितली. कंपनी वर्षातून एकदाच मोठा कार्यक्रम करते आणि चांगला फोटोग्राफर बोलावते. तेच फोटो पुढे वर्षभर, कधी दोन-तीन वर्षं वापरायचे. कॅटलॉगवर, कॅलेंडरवर, ऑफिसच्या भिंतीवर, इंटरनेटवर दर आठवड्याला एक. एका संध्याकाळमधून जेवढं निघेल तेवढं काढायचं, हा संचालकांचा नियम. अडचण एकच. मधल्या काळात लोक नोकरी सोडतात, आणि सोडून गेलेला माणूस दुसऱ्या कंपनीत दिसायला लागला की फोटो वाया जातो. म्हणून गेलेल्याला फोटोतून पुसायचं. दर महिन्याच्या एक तारखेला गेलेल्या लोकांची यादी येते, त्याप्रमाणे हा बसून एकेकाला काढतो.

त्यानं मला चार वर्षांपूर्वीचा एक फोटो दाखवला. भल्यामोठ्या मंचावर आठ माणसं, एकमेकांपासून लांब लांब उभी. मग त्यानं एक कळ दाबली, आणि मधल्या रिकाम्या जागांत एकदम बावीस माणसं हसत उभी राहिली. पुन्हा कळ दाबली, ती नाहीशी झाली. तो हे अगदी सहज करत होता. मी म्हणालो, "बस करा हो!"

"आणि ह्याची बोटं का राहिली?"

तो ओशाळला. जाकिटाची वीण बारीक होती. बोटं काढायची तर खाली सगळी वीण नव्यानं भरावी लागली असती, आणि वेळ नव्हता. रविवारी सकाळी कॅटलॉग छापायला जायचा होता. मुखपृष्ठावर नेमकी त्या खांद्यावर नावाची पट्टी येत होती, त्यामुळे बोटं झाकली गेली. पुढे तोच फोटो पट्टीशिवाय इंटरनेटवर टाकला गेला, आणि ती उघडी पडली.

"रविवारी छापायला? म्हणजे तुम्ही त्याला काढलं कधी?"

"शनिवार शाम को. सर का मैसेज आया था." त्यानं मोबाइल पुढे केला. शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. 'कवर से क्वालिटी वाले को हटा दो. छोड़ गए.'

मी ती वेळ पुन्हा वाचली. शनिवारी संध्याकाळी सहाला ती बाई जेवणाची तयारी करत होती. नवरा जेवायला येईल एवढंच तिच्या मनात होतं. तो परत येणार नाही हे तेव्हा जगात कोणालाही माहीत नव्हतं, एक माणूस सोडून.

पंचांसमोर संगणक आणि मोबाइल ताब्यात घेतला, अपहरणाचा गुन्हा नोंदवला, टोलनाक्याचा तपशील मागवला. संचालकाची गाडी त्या शनिवारी पानिपतहून येताना सहा वाजून आठ मिनिटांनी टोल ओलांडून दिल्लीकडे आली होती. म्हणे दिवसभर ऑफिसात होता! त्याला नोटीस देऊन बोलावलं.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. आधी त्याला त्याच्या कामाचं विचारलं. गडी खुलला. एका कार्यक्रमाच्या फोटोंतून वर्षभराचं मार्केटिंग कसं निघतं, हे त्यानं वीस मिनिटं रंगवून सांगितलं. गेलेल्यांची नावं कोण कळवतं, असं विचारल्यावर म्हणाला, यादी येते एक तारखेला. मी म्हणालो, "त्या यादीत हा माणूस आजही नाही. तिथे तो गैरहजर आहे, गेलेला नाही. शनिवारी सहा वाजता तो गेला, हे तुम्हाला कोणी कळवलं?"

मी प्रिंट सुलटा करून त्याच्यासमोर सरकवला. त्यानं त्या बोटांकडे पाहिलं आणि नकळत त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला. तो जोरात खांदा झटकत राहिला. मग पाणी मागितलं. पाणी पिऊन खालमानेनं म्हणाला, "कैटलॉग प्रेस में जाना था, सर. रुक नहीं सकता था."

कबुलीजबाब म्हणतात तो असा आला. कोर्टात त्याची किंमत शून्य, पण मला वाट सापडली. हॉस्पिटलला जाणाऱ्या ब्लँकेटचा रंग चाचणीत नापास झाला होता. ह्या माणसानं प्रमाणपत्रावर सही करायला नकार दिला आणि सोमवारी हॉस्पिटलला कळवतो म्हणाला. समजावतो म्हणून संचालकानं त्याला गाडीत घेतलं आणि पानिपतच्या पुढे कालव्यावर नेलं. परत येताना टोलच्या रांगेत त्याला मुखपृष्ठ आठवलं. गुन्हा केला तरी माणूस रोजच्या कामातून सुट्टी घेत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे कित्येक तपासांत ते कामाला आलं.

दुसरं शिकलो ते मात्र फार महागात पडलं. हरियाणातल्या, पानिपतजवळच्या ठाण्याला विचारल्यावर कळलं, सोमवारीच कालव्याच्या दारांशी एक प्रेत मिळालं होतं. ओळख पटेना. कोणत्याच ठाण्याचा संदेश नाही. बहात्तर तास वाट पाहून त्यांनी नियमाप्रमाणे बेवारस म्हणून दहन केलं. त्यांच्या पंचनाम्यात एक ओळ होती: 'उजव्या हाताची नखे निळी.' राखून ठेवलेल्या डीएनएच्या नमुन्यावरून पुढे ओळख पटली. मी तेव्हा "रहने दो" म्हणालो नसतो, तर त्या बाईला नवऱ्याचं तोंड तरी बघायला मिळालं असतं. हे तिला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

खटला चालला, शिक्षा झाली. मुलीला घेऊन ती सोलापूरला परत निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तो चष्मेवाला ठाण्यात आला. सोबत कागदात गुंडाळलेली फ्रेम. कार्यक्रमाचा तोच फोटो, पण त्यानं आता संचालकाला काढलं होतं. तिचा नवरा एकटाच हसत उभा होता, हात खाली सोडलेला. म्हणाला, "पैसे नहीं लूँगा साहब. मेरी तरफ़ से दे देना."

मी ती फ्रेम घेऊन तिच्या घरी गेलो. बांधाबांध चालली होती. तिनं फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हात खाली कसा काय आला?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं फ्रेम मला परत दिली.

"हा नको, भाऊ. जसा होता तसा द्या."

"वहिनी, त्यात तो माणूसही आहे."

"असू दे. ह्यांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला होता, ते पोरीला कळू दे मोठेपणी. एकदा पुसलंत सगळ्यांनी मिळून, तेवढं पुरे."

मूळ फोटोची प्रत मी तिला पाठवली. त्याच दिवशी ठाण्यात जुना रोजनामा काढून बसलो. 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द तिथेच होते, माझ्याच अक्षरात. रोजनाम्यात खाडाखोड करता येत नाही, तसा नियमच आहे. नोकरीत ज्या नियमांना मी शिव्या घातल्या त्यात हाही होता. आता नाही घालत.